दर्शनी भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून साइटवर. हिंजवडीच्या थंडगार ऑफिसात बसून, कधी न बघितलेल्या शहरांतल्या इमारतींच्या तुळया काढत बसायचं काम एकदाचं सुटलं. कंपनीची बसही सुटली. सकाळी वारज्याहून स्कूटरनं निघाले, मंडईपाशी स्कूटर लावायला चक्क जागा मिळाली. याहून चांगली सुरुवात पुण्यात होत नाही.

आणि समोर ती भिंत. काळ्या दगडाची, तीन मजली. कमानीच्या खिडक्या, सागवानी झडपा, मधोमध छोटा सज्जा, त्यावर कोरलेली अक्षरं : श्यामला प्रसूतिगृह. रस्त्यावरून बघितलं तर वाटतं, आत्ता कोणीतरी नर्स दार उघडून पेशंटचं नाव विचारेल. मागून बघितलं तर काहीच नाही. मागची अख्खी इमारत गेल्या वर्षी पाडली. उरलेल्या भिंतीला लोखंडी सांगाड्यानं धरून ठेवलंय, तिच्या पाठीला खोल खड्डा आहे आणि त्यातून टॉवर वर येणार आहे. खड्ड्यात उभं राहून वर बघितलं की खिडक्यांतून नुसतं आकाश दिसतं. नाटकाच्या सेटमागे गेल्यासारखं वाटलं, मजा आली.

माझं काम सोपं आणि मला आवडणारं. भिंतीवर जागोजागी खुणा चिकटवल्यात, त्या रोज यंत्रातून बघायच्या आणि भिंत किती हलली ते नोंदवायचं. उन्हानं दगड थोडाफार हलतोच. प्रोजेक्टचे प्रमुख अवधूत सर गोड बोलतात. म्हणाले, टॉवर काय कुठेही उभा राहतो, गिऱ्हाईक येणार ते या चेहऱ्यासाठी. सुपरवायझर तेजसनं मला बसेल असं हेल्मेट शोधून आणलं. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, माझा जन्म तिथलाच. मी आनंदानं ओरडलेच. ते मात्र उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घातलेलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आज बोलले. जन्म तिथला, पण त्या भिंतीमागचा नाही. आजीला पुढच्या दारातून घेतलं नव्हतं. आपण बौद्ध झालो, मूर्ती विसर्जित केल्या, पोरांची नावं बदलली. तिथं गेल्यावर दार मात्र तेच, मागचं. शेजारच्या बोळातून मागे जायचं, मागे पत्र्याची एक खोली, तिथं खाटा. पाटी वगैरे काही नव्हती. पुढच्या दाराशी कोणीतरी हसतमुखानं सांगायचं, तुमचं मागे. डॉक्टर तिथं सगळ्यात शेवटी यायचे. कधी यायचेच नाहीत. आजीच्या शेजारची बाई बाळासकट गेली, तेव्हा पुढे पेढे वाटणं चाललं होतं.

हे सगळं बाबा अगदी सरळ आवाजात सांगत होते. राग मला येत होता.

आज सरांनी लॉबीत लावायच्या फलकाचा मजकूर दाखवला. ‘पुण्याच्या चार पिढ्यांचं पहिलं अंगण.’ मी विचारलं, मागच्या खोलीबद्दल एखादी ओळ? ते म्हणाले, “अहो मैत्री मॅडम, मागे हेरिटेज असं काही नव्हतंच. नुसते पत्रे होते.”

म्हणजे पुढचं तेवढं जपायचं आणि मागचं पाडून टाकायचं. शासनमान्य.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मंडईतून परत जाताना मुक्ताई नावाची भाजीवाली दुपारी भिंतीच्या सावलीत पाटी टेकवते. आज तिनं मला बोलावून सांगितलं, वरच्या बाईला पाणी द्या, मघापासून मागतीय.

वर बघितलं. मधल्या मजल्यावरच्या कडेच्या खिडकीत, झडपेच्या पट्ट्यांमधून बोटं बाहेर आलेली.

माझं डोकं फिरलं. सुरक्षा पट्टा न लावता एका बाईला त्या उंचीवर चढवलं म्हणून तेजसला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, आज वर कोणीच चढलेलं नाही. मी मागे जाऊन बघितलं. त्या खिडकीमागे परांची नाही, फळी नाही. सांगाड्याचे पाइप आणि खाली खड्डा. चिमणीला टेकायला जागा नाही.

तेजसचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझ्या ओरडण्यानं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भिंत हलतेय. ऊन लागल्यावर हलते तशी, एकसारखी नाही. फक्त त्या खिडकीपाशी, आणि रस्त्याच्या बाजूला. कोणी आतून रेटावं तशी. यंत्र बदलून बघितलं, दुसऱ्या यंत्रानंही तेच दाखवलं. सरांना म्हटलं, खालचा फुटपाथ आजच्या आज बंद करा, मंडईची एवढी माणसं इथून जातात.

त्यांनी चहा मागवला. पाडव्याला बुकिंग उघडतंय, मांडव याच फुटपाथवर पडणार, भिंतीला रोषणाई करायचीय. मग म्हणाले, तुम्हाला भिंत सांभाळायला ठेवलंय, लोकांना घाबरवायला नाही.

त्या कपातला चहा मी प्यायले. त्याचाही आता राग येतोय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी तिला बघितलं. भर दुपारी.

समोर श्रीधरकाकांचं चष्म्याचं दुकान आहे. तिथं उन्हातून जरा सावलीला उभी होते. तीच खिडकी, झडप अर्धी उघडी. म्हातारी बाई, पिकलेले केस, दवाखान्यातल्या आया नेसतात तसं पांढरं पातळ. दोन्ही तळवे झडपेवर आपटत होती. तोंड उघडं. ओरडत होती, पण आवाज येत नव्हता, येत होते ते फक्त रिक्षांचे हॉर्न. तळवे आपटून आपटून लाल झालेले मला तिथून दिसत होते.

श्रीधरकाका काच पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी विचारलं, तुम्हाला दिसतंय का?

“चष्मे विकतो मी,” ते म्हणाले. “मला सगळंच दिसतं.”

मग सांगितलं. तिचं नाव हिरा. प्रसूतिगृहातली शेवटची आया. दवाखाना बंद पडल्यावरही मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची, जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. पाडापाडी झाली त्या दिवशी सकाळी काकांच्या दुकानी चहा पिऊन आत गेली. बाहेर येताना काकांनी तिला बघितलं नाही. कंपनीनं सांगितलं, गावी गेली.

कोणाला सांगितलंत का, म्हणून विचारलं. तर काका म्हणाले, त्यांचं जुनं दुकान त्या इमारतीतच होतं, आता टॉवरमध्ये तळमजल्याला मिळणार आहे. अगदी दर्शनी.

इतक्या शांतपणे.

४ मार्च, मंगळवार

तेजसला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. आधी नाही नाही म्हणाला. मग डबा बंद केला आणि बोलला. पाडायच्या दिवशी पोकलेन मागच्या खोलीपाशी आलं, तेव्हा आतून पत्रा वाजवल्याचा आवाज आला. ऑपरेटरनं मशीन थांबवलं. तेजसनं स्वतः जाऊन सरांना सांगितलं.

“सर म्हणाले, मांजर असेल. चालू करा.”

खोलीचा राडारोडा तिथंच दाबून त्यावरून खड्ड्यात उतरायचा रॅम्प केला. ट्रक रोज त्यावरून जातात. मीसुद्धा रोज त्यावरून उतरते.

मी उठून निघून आले. थांबले असते तर हात उचलला असता.

७ मार्च, शुक्रवार

चौकीत गेले. बेपत्ता बाईचं नाव सांगितलं. तुम्ही कोण तिच्या, म्हणून विचारलं. कोणी नाही. मग नातेवाइकांना पाठवा. नातेवाईक नाहीत. मग तक्रार कोणाची?

म्हणजे जिचं कोणी नाही ती हरवूच शकत नाही.

सरांना समोरासमोर विचारलं. रॅम्प उकरा म्हटलं. ते हसले. म्हणाले, ऊन फार झालंय, दोन दिवस सुट्टी घ्या. मालकांना कळवलं, त्यांच्याकडून उत्तर नाही.

बाबा म्हणतात, नोकरी सोड. सोडली तर ती भिंत मोजणार कोण? खालून माणसं जातायत.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीची सुट्टी संपवून गेले. आता एकच खिडकी नाही.

सगळ्या मजल्यांवर बायका. वेगवेगळ्या काळातल्या लुगड्यांतल्या. कोणाच्या कडेवर गाठोडं, कोणाचा हात पोटावर. हिरा आता कडेची सोडून मधल्या खिडकीत. सगळ्यांचे तळवे झडपांवर, एका ठेक्यात. पुढे कधी उभंही राहू दिलं नव्हतं त्यांना, आणि आता सगळ्या पुढेच —

सरांनी झडपांवर प्लायवूड ठोकून घेतलं. दुपारी एक फळी सुटून खाली आली. मुक्ताईच्या पाटीवर. ती जरा बाजूला सरकली होती म्हणून वाचली. कोथिंबीर चिरडली, रस्ताभर वास.

सर म्हणाले, वारा.

वारा नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार

रीडिंग घ्यायची गरज उरली नाही. भिंतीला रस्त्याच्या बाजूला पोट आलंय, फुगवटा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सांगाड्याचे बोल्ट सकाळी घट्ट करावेत तर दुपारी सैल. कामगार मागच्या बाजूला जायला तयार नाहीत. तेजस कालपासून आलाच नाही, फोन बंद.

आज मलाही आवाज आला. पत्रा वाजवल्यासारखा. पायाखालून, रॅम्पमधून.

उकरायला खाली वाकले. नखं तुटली. वॉचमननं धरून वर आणलं.

२८ मार्च, शुक्रवार

काढून टाकलं. मेसेज आला, उद्यापासून येऊ नये.

महापालिकेला कळवलं, अग्निशमनला कळवलं. सगळे म्हणतात बघतो. मांडव त्या पोटाखालीच बांधतायत. प्लायवूड उतरवलं. फुलांच्या माळा — झडपांना बांधतायत, त्यांच्या तळव्यांवरून —

मी रविवारी, पाडव्याला जाणार.

३० मार्च, पाडवा

श्रीधरकाकांच्या काउंटरवर लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाइलाज.

सकाळपासून मांडवातल्या लोकांना उठवत होते. भांडले, खुर्च्या उलटवल्या, एका बाईचा हात धरून तिला ओढत बाहेर काढलं, ती मला शिव्या देत होती. शेवटी निम्मी माणसं चिडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. चालेल. चिडू देत. पलीकडे आहेत तोवर चालेल. मुक्ताई बाकीच्यांना अडवतेय, पाटी आडवी धरून.

सर माईकवर म्हणाले, या बाईंचा गैरसमज झालाय, मी स्वतः आत जाऊन दाखवतो, भिंत ठणठणीत आहे. लोक हसले. ते बाजूच्या फाटकातून मागे गेले.

बाहेर आले नाहीत.

मी मागे धावत जाऊन बघितलं. खड्डा. पाइप. आकाश. कोणी नाही. हेल्मेटही नाही.

परत पुढे आले तर —

सर मधल्या खिडकीत आहेत. झडपेवर दोन्ही तळवे आपटतायत. तोंड उघडं. आवाज नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना बायका, एकीनंही त्यांना धरलेलं नाही, नुसत्या उभ्या आहेत.

लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटतोय. टाळ्या वाजवतायत. सनईवाले थांबले नाहीत.

श्रीधरकाका रडतायत. म्हणतात, अहो, कोणीतरी काढा त्यांना. आता म्हणतात.

मला वाटलं होतं, मला आनंद होईल. देवाशपथ — कसला देव — मनात आलं होतं, असू दे, राहू दे आत. हात तसाच खिशात ठेवून उभी राहिले होते.

पण मला माहीत आहे की आत माणूस आहे. माहीत असून मी इथं उभी राहिले तर मी आणि तो —

नाही. तसं नाही व्हायचं मला. मी त्यांना काढायला आत जातेय. वही काकांच्या हातात देतेय, बाबांना द्या म्हणून, आणि रॅम्प उकरा, आधी रॅम्प, कोणीही काहीही म्हणालं तरी —

दगड वाजतोय. सज्ज्याखालची फट इथून दिसतेय. वेळ नाही.

हिरा माझ्याकडे बघतेय. सरांकडे नाही, माझ्याकडे. तिनं तळवे खाली घेतले. ती खिडकीत थोडी बाजूला सरकली, जशी कोणाला जागा —