कौसाच्या पिक्चरची हकिगत

शहागड

सोमेश्वरराव, दाजीचा रामराम. तुमची कंबर सरळ झाली असेल आणि म्हैस दूध देत असेल असं धरून चालतो. माझं विचाराल तर जेवण जातं, झोप येत नाही, आणि दोन्ही सांगायला घरात माणूस उरलं नाही.

तुमच्या अक्काचं, म्हणजे माझ्या कौसाचं वर्षश्राद्ध झालं, तुम्ही आला नाहीत. (राग नाही. कंबर असते एकेकाची.) कौसाचा धड फोटो नाही हे तुम्ही जाणताच; कॅमेरा दिसला की ती चुलीकडं पळायची. पण आमच्या लग्नानंतर इथं गोदावरीच्या काठी एका पिक्चरची शूटिंग झाली होती, त्यात गावच्या बायांत तीही बसली होती. आपल्यासाठी कोण रडतं ते बघायला एक माणूस मेल्याचं सोंग घेतो, असा तो पिक्चर. हसावं तर रडू येतं, रडावं तर तिरडी धरणारा घसरून पडतो. जालन्याला लागला आणि लगेच उतरला. आम्ही बघायला पोचलो तेव्हा त्याच्यावर दुसरं पोस्टर चिकटवत होते. परतीच्या एसटीत कौसा खिडकीकडं तोंड करून बसली.

तोच पिक्चर पंक्चरवाल्या महेबूबनं मोबाईलवर हुडकला. म्हटलं, श्राद्धाला पाहुण्यांना कौसा हलती-चालती दाखवू, मलाही तिचं तोंड एकदा दिसेल. भिंतीवर चादर बांधली, मशीन भाड्यानं आणलं. मयतीचा सीन आला, आणि बघतो तर झाडून सगळ्या बाया तोंडावर पदर घेऊन बसलेल्या! डायरेक्टर रडा म्हणाला, त्या घरी रडतात तशा रडल्या. रडण्याचा आवाजसुद्धा मागून मुंबईत भरलेला. मी चिडलो, तर शेजारच्या गोजरबाई (त्याही त्यात होत्या) माझ्यावरच उखडल्या, "रडताना तोंड कोन उघडं ठिवतं व्हय? त्याला तोंडं पायजे व्हते तर सांगायचं व्हतं!"

महेबूबनं पिक्चर थांबवला. आत्याबाईंनी टोकाच्या बाईला कौसा ठरवून चादरीवर हळदकुंकू लावलं, मावशीनं मधलीला लावलं. पिक्चर पुढं सरकला तसं सगळं कुंकू हिरोच्या मिशीवर आलं आणि माणसं पोट धरून हसली. श्राद्धाला, सोमेश्वरराव! मी हार घेऊन तसाच उभा. एवढा संसार केला, पण मला ती ओळखू आली नाही. फार वाईट वाटलं.

तुमचे दाजी,
कचरू

ता. क. : कंबर बांधा, पण एकदा या. पदर धरायच्या तऱ्हेवरून भाऊ बहिणीला ओळखेल.

ता. क. दुसरा : शेवटी त्या सीनमधली खांबाजवळची बाई मीच कौसा ठरवली, तिचा फोटो महेबूबनं मोठा करून दिलाय. रोज उदबत्ती लावतो, दोन शब्द बोलतो, झोपही जरा लागते. गोजरबाई म्हणतात, "दाजी, ती मीच हाय. जित्या मानसाला उदबत्ती लावू ऱ्हायले तुमी!" तेव्हा आलात की त्यांच्यादेखत फोटोला हात जोडा आणि 'हीच अक्का' म्हणा. दुसरी कुणी ओळखू आली, तर मला सांगू नका.