दारिद्र्यरेषेला तीनशे डॉलर कमी

ओडेसाताई,

तुला धाकट्या व्हर्लीनचा सादर नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला आणि तुझा कुत्रा, दोघांनाही आराम असो. इकडे माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू सोडला तर सगळं झकास आहे.

त्या डोळ्यासाठीच आरोग्यविमा काढायला गुरुवारी लायब्ररीत गेले. (पासष्टीला सरकार विमा देईल म्हणे, पण तोवर तीन वर्षं मी काय वास घेऊन लोकांचे केस कापायचे?) निघताना आमचे हे, होयट, म्हणाले, "गरिबी जरा सढळ हाताने सांग, मदत जास्त मिळेल." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी नवऱ्याचं ऐकलं. फॉर्म भरून देणारी जोव्हेल, गोड पोरगी, तिला मी ह्यांची गवत कापायची कमाई तेवढी सांगितली. माझ्या स्वयंपाकघरातल्या केशकर्तनाचं नावही काढलं नाही. तिने बटण दाबलं आणि चेहरा पाडून म्हणाली, "व्हर्लीनमावशी, मदत मिळायला तुम्ही फारच गरीब आहात."

आपल्या अ‍ॅलाबामात विम्याच्या हप्त्याला सरकारी मदत दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते, खालच्याने सगळा हप्ता स्वतः भरायचा. (हे ठरवणाऱ्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायचंय.) मग लाज गुंडाळून ठेवली आणि खरं ते सांगायला लागले. केस कापणं, मिसेस टिडमोरचे कुरळे करणं, चर्चमधल्या लग्नांचे केक, ह्यांनी विकलेले टोमॅटो. जोव्हेल आपली "अजून आठवा, मावशी" करतेय, आणि मागे रांगेतला एक अनोळखी गृहस्थ आमच्यासाठी प्रार्थना करतोय. तरी तीनशे डॉलर कमी पडले ते पडलेच. ह्यांना फोन केला, तर म्हणाले, आकडा ठोकून दे. पण फॉर्मखाली सही माझी, मी नाही म्हटलं. खरं सांगते ताई, घरी येऊन रडले. डोळा गेला तर कात्री गेली, आणि कात्री गेली तर मी करू काय?

जोव्हेल म्हणते, आकडा पुढच्या वर्षाचा लिहायचा असतो, खरोखरचं नवं गिऱ्हाईक मिळालं तर चालेल. बघू. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. ते गिऱ्हाईक तू. वीस वर्षं तुझे केस फुकट कापले, जानेवारीपासून ते बंद. महिन्यातून दोनदा यायचं, दर वेळी साडेबारा डॉलर.

ता. क. २. तू लगेच तीनशेचा चेक धाडशील, मी ओळखून आहे. धाडू नकोस. बहिणीने दिलेली भेट कमाईत धरत नाहीत, विचारून आलेय. खुर्चीत बसावंच लागेल. आणि ऑपरेशन होईपर्यंत मी चाचपूनच कापणार, तेव्हा दोन्ही कान हाताने धरून बसायचं.