सड्यावरच्या वाडीचा ठिपका

बाबा, काल मी आपल्या गावची जुनी नळयोजना कॉम्प्युटरवर मांडून पाहिली. तुम्ही गेल्यावर मी पाणीपुरवठ्याच्या कामात शिरले, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गाव दिसत नाही. वाडी म्हणजे एक ठिपका, पाइप म्हणजे एक रेघ. ठिपक्याला त्या जागेची उंची आणि घरांना लागणारं पाणी सांगायचं, रेघेला पाइपची लांबी आणि व्यास. मग टाकीतलं पाणी कुठवर किती दाबानं पोचतं, ते समजतं.

तुम्ही गावचे चावीवाले, पाणी सोडणारे. टाकीखाली एकच चावी, आणि खालची वाडी नि वर सड्यावरची, कातळपठारावरची वाडी, दोन्ही एकाच पाइपवर. ती दुपार अजून समोर दिसते. तुम्ही जेवायला बसलाय, आई कुळथाची पिठी वाढतेय आणि सड्यावरच्या वाडीतली काकी रिकामा हंडा घेऊन दारात उभी. "खालच्या वाडीत तुझी बहीण दिलीय. तिचे हंडे भरले की चावी बंद करतोस ना रे?"

"पुरी उघडीच असते वैनी. पाणीच चढत नाय."

तिला ते पटलं नाही. हळूहळू ती वाडी तुमच्याशी बोलेनाशी झाली. तुमच्या आजारपणातही तिथून कोणी फिरकलं नाही. शेवटी शेवटी तुम्हीच मला विचारलंत, "माझ्याच हातून काय चुकत होतं काय गो?" मी शाळेत होते. दाबाचं गणित कळायचं वय नव्हतं.

काल कळलं. चावी पूर्ण उघडी ठेवली आणि खालच्या वाडीचे सगळे नळ सुरू केले. सड्यावरचा ठिपका लाल झाला. दाब शून्याच्याही खाली. तुमचं काही चुकत नव्हतं, बाबा. खालचे नळ चालू असताना पाणी वर चढणं शक्यच नव्हतं.

आज सकाळी लॅपटॉप घेऊन काकीच्या ओटीवर गेले. त्या वाडीला आता वेगळी टाकी, वेगळा पाइप आहे, पाणी येतं. "आमची वाडी कुठाय ह्यात?" तिनं डोळे बारीक करून विचारलं. ठिपका दाखवला, सगळं समजावलं. तिनं ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "म्हंजे तुझा बापूस खरंच बोलत होता." आणि उठली. "बस गो, चाय टाकते." सडा उतरताना इतकं हलकं वाटलं, की वाटेत एकटीच हसले.

ते जुने पाइप केव्हाच उपसून टाकलेत. त्यांचं मॉडेल ऑफिसात कुणालाच नको होतं. काल शेजारच्या टेबलावरच्यानं हे कशाला मांडतेस म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, सराव करतेय.