तिवशाजवळचं माझं तळं

ता. ४ एप्रिल १८६४.
पंजाबराव, आमचा एकुलता एक, बायकोला घेऊन कापसाच्या धंद्यापायी अमरावतीला गेला, त्याला आज वर्ष झालं. जाताना सूनबाई म्हणाली, पाण्यासाठी कोसभर चालणं माझ्यानं होणार नाही. ठीक. घरामागच्या वावरात तळं खणतो. पावसाच्या आत. मग कशी येत नाही, पाहतो.

ता. ७.
रेल्वेचा इंजिनेर खड्डे खणून माती पाहतो म्हणे. मीही पाहिली. ओल्या मातीचा गोळा करून बांधावरून टाकला. फुटला नाही. रिपोर्ट उत्तम.

ता. ८, सकाळी.
काल खड्ड्यात दहा घागरी ओतल्या. आज कोरडा. म्हैस प्यायली असणार.

ता. ९.
म्हैस बांधून ठेवली होती. खड्डा कोरडाच. ऊन फार आहे.

ता. २१.
खणायला लावलेला सूर्यभान बेलदार म्हणाला, "मालक, पिवळी चिकन माती लागली. आता थांबा. खाली मुरूम हाये, पानी झिरपून जाईन."
कोसभरावरच्या विहिरीला पाणी तीस हातांवर. जितकं खोल जाऊ तितकं ते जवळ. एवढा साधा हिशेब बेलदाराला कळू नये! म्हटलं, खण.

ता. २ मे.
मुरूम लागला. अस्सल, तांबडा. पंजाबरावाला पत्र धाडलं: तळं होत आलं, मुरूम फार चांगला लागला, दोघं या.
पंजाबरावाची आई दुर्गाबाई वारल्यापासून घरात बोलायला म्हैसच. फार एकटं वाटतं.

ता. ३० जून.
काठोकाठ भरलं! सूर्यभानाला बोलावून दाखवलं. मान हलवून घरी गेला. जळतो.

ता. ३ जुलै.
चिखल. दोन बेडूक. जमीन तहानलेली असते, आधी ती पिणारच.

ता. २० ऑगस्ट.
तीनदा भरलं, तीनदा गेलं. शेजारची मनकर्णाबाई घागर घेऊन आली, वाकून पाहिलं. "भाऊजी, काहून खनलं हे?" म्हणाली आणि कोसभर लांबच्या विहिरीकडे गेली.

ता. १२ सप्टेंबर.
पंजाबरावाचं पत्र! वर्षातलं पहिलं. अमरावतीत जागा घेतली, घर बांधतो आहे. विहिरीला पाणी गोड. तुमच्या तळ्यातला मुरूम चांगला म्हणता, तर जोत्यात भरायला दहा गाड्या पाठवा.
येतो असं कुठं नाही. पत्र उलटून पाहिलं. मागं कोरं.
सूर्यभानाला सांगितलं, आणखी दोन हात खण. त्यानं विचारलं, "पान्यासाठी का, मालक?"
म्हटलं, नाही. मुरमासाठी.