बाल्कनी, मशीन आणि जांभळी फुलं

१० फेब्रुवारी, सकाळी
मी सांगते, सून लिहिते. नियम एकच. तिनं लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. वही खाजगी आहे, कुणी वाचायची नाही. मी तर नाहीच.

मुद्दा बाल्कनीचा. मुलाला तिथं वॉशिंग मशीन ठेवायचंय. मग माझी खुर्ची कुठे? तर पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी. मी पैज लावली. शहराच्या पुष्पमहोत्सवात आपल्या बाल्कनीला रिबन मिळाली, तर खुर्ची हलणार नाही. तो हो म्हणाला. हसत म्हणाला, तेही लिही.

११ फेब्रुवारी
बी आणलं. अक्षरांच्या नादी लागणारे फसतात, मी चित्र बघते. पाकिटावर जांभळ्या फुलांचं अख्खं शेत आहे. दुकानातली मुलगी म्हणाली, आजी, दोन चमचे गरम पाण्यात टाका. म्हटलं, बी भिजवायला मला शिकवू नकोस, बियाणं निवडण्यात माझे केस पांढरे झालेत. (बियाण्यानं नाही, वयानं झालेत. पण तिला काय माहीत!)
सून पाकीट वाचून काहीतरी सांगू लागली. गप्प केलं.

१२ फेब्रुवारी
सहा कुंड्या पेरल्या. दाणे टपोरे. वास तर आत्ताच फुलाचा, म्हणजे जात उंची. पाणी घातल्याबरोबर बी फसफसलं. इतकं जिवंत बी जन्मात पाहिलं नव्हतं!
सून खोकली. खोकल्यालाही नियम लागू.

२० फेब्रुवारी
कोंब नाही. बोट घालून उकरलं, तर एक दाणा सापडेना. म्हणजे सगळे रुजले. वर पुन्हा दोन मुठी टाकलं.
सून म्हणाली, आई, अहो ते... म्हटलं, लेखणी चालव, जीभ नको.

२ मार्च
कडेचा मनीप्लांट पिवळा पडला. मत्सर, दुसरं काय! नवीन येणार म्हटलं की जुन्याला असं होतंच. सून घरात आली तेव्हा मीही महिनाभर पिवळी होते.
समोरच्या शिंपिणीच्या बाल्कनीत फुलांचा नुसता खच. दिखाऊपणा. तरी बिचारी हरेल म्हणून सुनेच्या हाती तिला पुडीभर बी पाठवलं.

४ मार्च
शिंपिणीचा निरोप आला. पायांना फार आराम पडला, आभारी आहे. बाई भ्रमिष्ट झाली वाटतं. दिवसभर मशीन चालवून डोक्यावर परिणाम होतो. म्हणूनच म्हणते, घरात मशीन नको.

१४ मार्च
अजून काही नाही. पण उद्या महोत्सवाचे परीक्षक येणार, तेव्हा एकदम उमलणार. फुलांनाही तारीख कळते. रिबन कुठे बांधायची ते ठरवलं. खुर्चीलाच.

१५ मार्च, दुपारी
परीक्षक बाई आल्या. गळ्यात माईक, खाली रस्ताभर माणसं. सहा कुंड्यांत माती. मी म्हटलं, जात उंची आहे, वेळ घेते. त्यांनी चिमूटभर माती हुंगली, शिंकल्या, पाकीट मागितलं. आणि माईकवरूनच वाचलं. दमलेल्या पायांसाठी सुगंधी मीठ.
रस्त्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात शिंपिणीनं. रिबन तिलाच मिळाली.

१६ मार्च
मशीन आलं. बाल्कनीत चपखल बसलं, मेलं.
सुनेला फैलावर घेतलं. माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? तिनं शांतपणे वही उघडून मलाच वाचून दाखवली. अकरा फेब्रुवारी, गप्प केलं. बारा फेब्रुवारी, खोकल्यालाही नियम लागू. वीस फेब्रुवारी, जीभ नको. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध पुरावा, आणि तोही मीच सांगितलेला!
मग तिनं बादलीत गरम पाणी आणलं, उरलेलं बी त्यात टाकलं. खुर्ची पॅसेजमध्ये, पाय बादलीत, बाजूला आठ जोड चपला.
शिंपीण भ्रमिष्ट नाही. खरंच फार बरं वाटतंय. हे मात्र लिहू नकोस.