फर्नची फरशी

४ जानेवारी
परवा फर्नची फरशी घरी आणली. खर्च : दोन हमालांच्या शिव्या, माझ्या अंगठ्याचं नख आणि हिचा दीड दिवसाचा अबोला. विकायचा माल बैठकीत टेकवून ठेवला म्हणून! पण काय दगड आहे! पिवळसर अंगावर काळं फर्न, काडी न् काडी मोजून घ्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पान — जीवाश्म! संग्रहालयाला देणार. पाटीवर नाव लागेल — सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं!

५ जानेवारी
दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं : तीस वर्षं फरशी वाजवून घेतोय. खणखणीत ती आत, बद्द ती बाहेर. हा कान एकदाही फसलेला नाही. पाठ वळल्यावर कारागीर पुटपुटला, "मालक आता झाडाची पानंही वाजवून घेणार." ऐकू आलं. हसू दाबलं.

९ जानेवारी
संग्रहालयाच्या बाई आल्या. भिंग लावून फरशी कडेपर्यंत तपासली. मग — "काका, पानाला मधली शीर असते. दाखवा." शोधली. नाही! "देठ?" तोही नाही! "आणि हे फाटे फुटलेत कुठून?" सगळे कडेच्या फटीतून. खनिजाचं पाणी फटीत झिरपलं, पसरलं, वाळलं. पान कधी नव्हतंच.
"म्हणजे नुसता डाग?"
"देखणा डाग."
एवढ्यात हिने तोंड घातलं. "मग खरं ओळखायचं कसं?"
"त्यात आखणी असते, काकू. जीव वाढतो तो बेताने."
"मग आमचा धुण्याचा दगड बघा की. साबणाचा फेस त्यात गोल गोल अडकतो, खणाखणांत."
"अगं, तो दुकानातला टाकाऊ माल!" मी म्हटलं.
बाई मागच्या दारी गेल्या त्या परत येईनात. जाऊन पाहतो तर ओल्यातच गुडघे टेकलेले. दगडात गोगलगायीसारखं वेटोळं, आतून बाहेर खण मोठे होत गेलेले. ही बोटाने मोजतेय, "एकोणीस, वीस..."
"समुद्रातला प्राणी," बाई म्हणाल्या.
आणि मी वीस वर्षं त्यावर पाय घासतोय!

१० जानेवारी
हिची अट — दगड न्या, पण धुणं अडता कामा नये. फर्नची फरशी मागच्या दारी बसवली. कपडे झकास निघतात म्हणे.

२ मार्च
पाटी लागली. नाव हिचं. माझाही उल्लेख आहे, शेवटच्या ओळीत : 'बद्द वाजते म्हणून दुकानदाराने टाकून दिलेली फरशी.'