दुसऱ्याचा हार

मावशी, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की लालबागला तुझी खानावळ नेमकी कुठे होती हे सांगायलाही आता जुनं माणूस लागतं. मी सांगू शकतो, पण मला कोणी विचारत नाही.

मी आलो तो लॉरीतून. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडलेली माणसं त्या सकाळी तुरुंगातून सुटत होती, आणि माझी चोरीची शिक्षाही नेमकी त्याच दिवशी संपली. फाटकाबाहेरची गर्दी बाहेर पडेल त्याला हार घालत होती, तसा मलाही घातला. मी तो गळ्यात घालूनच लॉरीत चढलो. भूक लागली होती, आणि लॉरी जेवायला चालली होती. तुझ्याकडे बाकीचे जेवले, बडबडत उठून गेले. मी ताट पुसून खाल्लं आणि हात सुकवत तसाच बसलो, कारण तुरुंगात शिट्टीशिवाय पंगत उठत नसे. तू समोर येऊन उभी राहिलीस. "तू त्यांच्यातलो नाय," म्हणालीस. मी खरं ते सांगितलं: गिरणीचं कापड चोरलं होतं. "मग काढ तो हार. दुसऱ्याचो आसा." तुझ्या आवाजात राग नव्हता. मला मात्र फार लागलं.

तू मला ठेवून घेतलंस, आणि काम मागायला शिकवलंस ते चुलीपुढे. दुपारी बांगडे साफ करता करता तू गिरणीतला जॉबर व्हायचीस, कामगार भरणारा, आणि मी तुझ्यापुढे उभा. माझी मान खाली गेली की तुझी सुरी थांबायची. "पायांकडे बघून काम मागतत काय? वर बघ. नि चोरीचा पयलाच सांग. मागाहून कळला तर दोनदा चोर ठरतलंस." सत्याग्रहात होतो म्हटलं असतं तर त्या दिवसांत मला डोळे मिटून घेतलं असतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. मी गेटवर खरं सांगितलं, आणि जॉबरनं मला हाकललं.

तो जॉबर पाळी सुटली की तुझ्याकडेच जेवायचा. त्या रात्री तू भाताचं पातेलं माझ्या हातात दिलंस. तो बसलाय, मी वाकतो, तो ताटावर हात आडवा धरतो. "मावशी, तू वाढ." तू चुलीकडूनच म्हणतेस, "भात आता तोच वाढतलो." एरवी आग्रह करकरून वाढणारी तू, त्याला एकदाही 'घे' म्हणाली नाहीस. कितीतरी दिवस तो नुसती भाकरी खाऊन उठला. मग एकदा तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी होती. कोकणातला माणूस, भाताशिवाय किती तग धरणार. त्यानं हात बाजूला घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाढ रे." हात धुताना म्हणाला, "सकाळी गेटवर ये. एकाचा खाडा आहे, बदलीत घेतो."

पुढे मीही जॉबर झालो. तुरुंगातून सुटून आलेलं कुणी ना कुणी येत राहिलं. त्यांना मी माझ्या घरी स्वयंपाकघरात उभं करून तुझेच प्रश्न विचारायचो. काही टिकले, काही पुन्हा आत गेले.

गिरणीतून निवृत्त झालो तेव्हा खात्यातल्यांनी हार घातला. तो तिथेच उतरवून हातात घ्यायची रीत. मी गळ्यातच ठेवून करी रोडवरून लालबागपर्यंत चालत आलो. खानावळीच्या जागी दुकान झालं होतं. लोक बघत होते, तरी मी बराच वेळ उभा राहिलो. हे पत्र टाकायचं तरी कुठे, ते घरातच राहील, म्हणून सांगतो. हार काढ म्हणून तू ओरडशील आणि मी म्हणेन, हा माझा आहे, एवढ्यासाठी थांबलो होतो.